फॉरमॅट मारण्याआधी: बिघडलेली विंडोज जागच्या जागी कशी दुरुस्त करावी

गेल्या पावसाळ्यात डिचोलीजवळच्या एका गावातून निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. देवळाच्या उत्सवात होणाऱ्या मराठी नाटकांच्या संहिता बाई कित्येक वर्षं टाइप करून देतात. त्यांचा कॉम्प्युटर दिवसातून चार-पाच वेळा मध्येच लटकत होता, कधी निळा पडदा दाखवून स्वतःच पुन्हा सुरू होत होता. दुकानात नेला तर उत्तर मिळालं, ‘बाई, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारूया, संध्याकाळपर्यंत नवा करून देतो.’

संहिता पेनड्राइव्हवर होत्या, ते ठीक. पण त्या टाइप केल्या होत्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट आणि त्याचा कीबोर्ड ज्या सीडीवरून घातला, ती सीडी घरात कुठेच नव्हती. फॉरमॅट मारला असता तर फाइली उघडल्या असत्या, पण पानभर नुसती निरर्थक चिन्हं दिसली असती. गोव्यात छापखान्यांत, शाळांत, पंचायतीबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्यांकडे असे कॉम्प्युटर ठिकठिकाणी आहेत. त्यांच्यात काय काय घातलंय हे मालकालाही आठवत नाही, आणि पुन्हा घालायचं म्हटलं तर सामान मिळत नाही. हा लेख अशा लोकांसाठी आहे. विंडोज 10 आणि 11 दोन्हींना तो लागू पडतो.

बाईंना मी फोनवर पहिला प्रश्न विचारला: कधीपासून? त्या म्हणाल्या, ‘झाले असतील पंधरा-वीस दिवस.’ दुरुस्तीची खरी सुरुवात ह्या प्रश्नापासून होते. बिघाडाला जवळजवळ नेहमी एक तारीख असते. ती सापडली की निम्मं काम झालं. ती न शोधता कमांड मारत सुटलं तर नशिबाने एखादी लागू पडते, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि महिन्याभरात तेच पुन्हा उभं राहतं. म्हणून एक वही घ्या. काय केलं, किती वाजता, त्यानंतर काय झालं, हे लिहीत जा. एका वेळी एकच बदल करा.

हात लावण्याआधी

फाइली बाहेर काढा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, आणि टॅलीसारखं काही वापरत असाल तर त्याचा डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुने फॉन्ट ‘सी’ ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मध्ये असतात, त्यांचीही प्रत करून ठेवा. कॉपी होताना मशीन बंद पडत असेल तर थोडं थोडं घ्या, सर्वांत महत्त्वाचं आधी.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, चावी. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. दुरुस्तीच्या निळ्या पडद्यात शिरलात की मशीन 48 आकड्यांची चावी मागतं. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती आधीच वहीत उतरवून घ्या. ती चावी नसेल तर डिस्कवरचा डेटा कुणालाच उघडता येत नाही, आणि हे मी घाबरवायला सांगत नाही.

आता एक साधी गोष्ट. स्टार्टमधून ‘शट डाऊन’ केलं की विंडोज पूर्ण बंद होते असं आपल्याला वाटतं. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर तसं होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो, त्यामुळे कालची गडबड आजही तशीच राहते. ‘रिस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ खाली सीपीयूवर क्लिक करा आणि ‘अप टाइम’ बघा. रोज बंद करत असूनही तिथे वीस-पंचवीस दिवस दिसत असतील तर आधी एकदा रिस्टार्ट करून दिवसभर वापरून पाहा.

‘सी’ ड्राइव्ह काठोकाठ भरला असला तरीही विंडोज अडखळते. निदान 20 जीबी मोकळी ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’, त्यात ‘टेम्पररी फाइल्स’ इथून साफसफाई करता येते, पण त्या यादीत ‘डाऊनलोड्स’ही असतं. त्यावर खूण करू नका, लोकांचे महत्त्वाचे कागद तिथेच पडलेले असतात.

तारीख शोधणं

स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा, ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ वर येईल. विंडोजमधलं हे सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित पान, असं माझं मत आहे. उघडल्यावर दिवसवार आलेख दिसतो. वर निळी रेघ 1 ते 10 या मापात चढते-उतरते, ती मशीनची स्थिरता. खाली प्रत्येक दिवसाच्या रकान्यात खुणा असतात. लाल फुली म्हणजे काहीतरी कोसळलं, पिवळा त्रिकोण म्हणजे इशारा, निळं वर्तुळ म्हणजे त्या दिवशी काही घातलं किंवा बदललं गेलं.

बाईंच्या मशीनवर हे पान उघडलं तेव्हा डावीकडे दोन आठवडे रेघ जवळजवळ सपाट, दहाच्या आसपास. मग एका बुधवारी ती घसरली. त्या बुधवारपासून उजवीकडे एकेका रकान्यात दोन-दोन, तीन-तीन लाल फुल्या. बुधवारवर क्लिक केल्यावर खाली यादी आली. पहिली फुली दुपारची, आणि तिच्या आधी तासभर एक निळं वर्तुळ: ड्रायव्हर (विंडोज आणि एखादं उपकरण यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम) आपोआप अद्ययावत करून देणारा एक फुकटचा प्रोग्रॅम घातलेला. प्रिंटर चालत नव्हता म्हणून शेजारच्या मुलाने उत्साहाने घालून दिला होता. त्याने प्रिंटरबरोबर पडद्याचा, म्हणजे डिस्प्लेचा ड्रायव्हरही बदलून टाकला होता. इतके दिवस कुणाला न कळलेली गोष्ट त्या पानावर पाच मिनिटांत कळली.

तुमच्याही आलेखात पहिली लाल फुली शोधा आणि तिच्या आधीच्या दोन दिवसांत काय घातलं गेलं ते वाचा. अपडेट, ड्रायव्हर, दुसरा अँटिव्हायरस, कुठलंही ‘क्लीनर’. जे असेल ते वहीत लिहा. एकच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा कोसळत असेल, तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅमचा आहे, विंडोजला हात लावायचं कारण नाही.

कधी कधी फुल्यांखाली एवढंच लिहिलेलं असतं की विंडोज नीट बंद झाली नव्हती. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये तीच नोंद ‘कर्नल-पॉवर’ आणि 41 या आकड्याने दिसते. तिचा अर्थ इतकाच की वीज अचानक गेली किंवा मशीन अचानक बंद पडलं. अशा नोंदी भरपूर असतील आणि लाईट गेल्याच्या वेळांशी जुळत असतील, तर विंडोजकडे न वळता यूपीएसची बॅटरी आधी तपासा.

आपल्या हवेचा हिशेब

गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी येते ती हवा कॉम्प्युटरच्या पेटीतही शिरतेच. त्यामुळे विंडोजवर खापर फोडण्याआधी लोखंडाकडे, म्हणजे मशीनच्या सुट्या भागांकडे, बघणं इथे जास्त गरजेचं आहे.

माझ्या स्वतःच्या डेस्कटॉपने एका चवथीनंतर असाच त्रास दिला. दहा दिवस खोली बंद होती. सुरू केला की कधी निळा पडदा, कधी नुसतीच शिट्टी. प्लग काढून, पेटी उघडून रॅमची, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी बाहेर काढली. खालच्या सोनेरी दातांवर बोटाला न जाणवणारा मंद थर होता, उजेडात तिरका धरल्यावरच दिसला, आणि टोकाच्या दोन-तीन दातांवर हिरवट डाग. शाळेतल्या मुलांचा पांढरा खोडरबर घेऊन दात हलक्या हाताने एकाच दिशेने पुसले, मऊ ब्रशने रबराचा चुरा झाडला, पट्टी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत परत बसवली. निळा पडदा थांबला. विंडोजला हात लावायची वेळच आली नाही.

हे काम घरी करणार असाल तर प्लग काढल्यावर पॉवरचं बटण एकदा दाबून धरा आणि पेटीच्या धातूला हात लावून मग आत हात घाला. लॅपटॉप उघडायची सवय नसेल तर ते जाणकाराकडून करून घ्या. उसगाव, साखळी भागात लाल धूळ पंख्यात साचून मशीन तापतं आणि बंद पडतं. पंखा अडवून धरून ब्लोअर मारा, मोकळा फिरू देऊ नका.

रॅमची तपासणी विंडोजमध्येच आहे. स्टार्टमध्ये ‘मेमरी’ टाइप केलं की ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ मिळेल. ते रिस्टार्ट करून चाचणी घेतं. चाचणीत एक जरी चूक निघाली तरी पट्टी बदला. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट आणि विश्वासू प्रोग्रॅम आहे. वर निळ्या रंगात ‘गुड’ असेल तर पुढे चला. पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दिसलं तर दुरुस्ती तिथेच थांबवा आणि डेटा काढून डिस्क बदलण्याच्या मागे लागा. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास चालणारी दुरुस्ती केली तर ती त्याच दुरुस्तीत जाते.

सेफ मोड

विंडोज उघडून काम करण्याइतकीही टिकत नसेल तर सेफ मोडमध्ये जा. तिथे ती गरजेपुरत्याच ड्रायव्हरवर चालते. पूर्वीची एफ-8 कळ आता सहसा चालत नाही. शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’वर क्लिक करा. दुरुस्तीचा निळा पडदा येईल (कोसळल्यावर येतो तो नव्हे), त्यात ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रिस्टार्ट’, आणि मग 4 दाबा. इंटरनेटही हवं असेल तर 5. विंडोज सुरूच होत नसेल तर सुरू होण्याचा प्रयत्न दोनदा-तीनदा लागोपाठ फसला की हा निळा पडदा आपोआप येतो.

सेफ मोडमध्ये मशीन तासभर नीट चाललं, तर ही फार चांगली बातमी. बिघाड बहुधा बाहेरून घातलेल्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये आहे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज मशीनं बंद पडली होती. विमानतळ ठप्प झाले. ती मशीनं फॉरमॅट मारून उठवली गेली नाहीत. सेफ मोडमध्ये किंवा ह्याच निळ्या पडद्यातून आत जाऊन तेवढी एक सदोष फाइल पुसायची, हा मुख्य उपाय होता. बिटलॉकरची चावी हाताशी नसलेल्यांचे मात्र तिथेही हाल झाले.

वहीत संशयित ड्रायव्हर असेल तर स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, ते उपकरण शोधा, ‘प्रॉपर्टीज’, ‘ड्रायव्हर’, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बाईंच्या मशीनवर आधी तो फुकटचा प्रोग्रॅम काढला, मग डिस्प्लेचा ड्रायव्हर असा मागे नेला. बटण अंधूक असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. तेव्हा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, दुसरीकडून नाही. संशय विंडोजच्या अपडेटवर असेल तर निळ्या पडद्यातच ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे.

संशयित कळत नसेल तर ‘सिस्टीम रिस्टोअर’ वापरून बिघाडाच्या तारखेआधीच्या बिंदूवर, म्हणजे विंडोजने तेव्हा जपून ठेवलेल्या स्थितीवर, मागे जा. तुमच्या फाइली तशाच राहतात, त्या तारखेनंतर घातलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात. कोणते जाणार त्याची यादी ते आधी दाखवतं, ती वाचा. अनेक मशीनवर ही सोय मुळात बंदच असते, म्हणून बिंदू सापडला नाही तर निराश होऊ नका.

विंडोजच्या फाइली नीट करणं

लाईट जाणं आणि मशीन कोसळणं ह्यांत विंडोजच्या स्वतःच्या फाइली खराब होतात. मूळ कारण काढलं तरी ही पडझड मागे उरते. त्यासाठी दोन कमांड आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करा, ‘कमांड प्रॉम्प्ट’वर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळी खिडकी उघडेल. पुढच्या ओळी रोमन अक्षरांत टाइप करायच्या आहेत. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ. प्रत्येक स्लॅशआधी एक स्पेस, नंतर नाही. आधी ही:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

‘रिस्टोअरहेल्थ’ हे दोन शब्द जोडून. विंडोज आपल्या फाइलींच्या चांगल्या प्रतींचं एक कोठार ठेवते. ही कमांड ते कोठार तपासते आणि खराब माल मायक्रोसॉफ्टकडून मागवून बदलते, म्हणून इंटरनेट लागतं. मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो. टक्क्याचा आकडा मध्येच बराच वेळ एका जागी थांबतो. खिडकी बंद करू नका, थांबा. ती पूर्ण झाली की:

एसएफसी /स्कॅननाऊ

ही कमांड वापरातल्या फाइली त्या कोठारातल्या प्रतींशी ताडून बघते आणि बिघडलेल्या बदलते. कोठारच सडलेलं असेल तर ती कशाने बदलणार? म्हणून कोठार आधी. बरेच जण फक्त दुसरी कमांड मारतात आणि ‘काही होत नाही’ म्हणून फॉरमॅटकडे वळतात.

शेवटी येणाऱ्या वाक्याचा अर्थ तीनपैकी एक असतो. काहीच खराब सापडलं नाही: मग दोष दुसरीकडे आहे. खराब सापडलं आणि दुरुस्त केलं: रिस्टार्ट करून एकदा पुन्हा चालवा. सापडलं पण काही दुरुस्त करता आलं नाही: रिस्टार्ट, पुन्हा पहिली कमांड, पुन्हा दुसरी, तरीही तेच आलं तर खालचा मोठा उपाय. कमांड कामच करू शकली नाही असं सांगत असेल तर सेफ मोडमध्ये चालवा.

डिस्कवरच्या नोंदवहीची तपासणी वेगळी. त्याच खिडकीत ‘चेकडिस्क’ची कमांड, सी-एच-के-डी-एस-के, मग स्पेस, सी आणि कोलन, स्पेस, ‘/स्कॅन’. ही विंडोज चालू असताना होते. तिने दोष सांगितला तरच ‘/स्कॅन’च्या जागी ‘/एफ’ लिहा, विचारल्यावर वाय दाबा आणि रिस्टार्ट करा. ही चालू असताना लाईट जाऊ नये एवढं बघा.

तरीही जमलं नाही तर

एक नवं खातं उघडून त्यात दिवसभर काम करून पाहा. तिथे सगळं सुरळीत असेल तर फक्त तुमचं जुनं खातं बिघडलंय, फाइली इकडे आणल्या की झालं. व्हायरसची शंका असेल तर ‘विंडोज सिक्युरिटी’तला ऑफलाइन स्कॅन करा. रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम मात्र घालू नका, त्यांनी बिघडवलेली मशीनं मी सुधारलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

शेवटचा उपाय म्हणजे विंडोजवर विंडोज चढवणं. प्रोग्रॅम, फॉन्ट, सेटिंग, फाइली जिथल्या तिथे राहतात, विंडोजचा गाभा तेवढा नवा येतो. विंडोज 11 च्या अलीकडच्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, ‘सिस्टीम’, ‘रिकव्हरी’ इथे ‘फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट’ असं आहे, त्यातून हे घरबसल्या होतं. विंडोज 10 असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ फाइल (विंडोजची अख्खी सीडी एका फाइलीत) घ्या, तिच्यावर डबल क्लिक करा आणि आतलं ‘सेटअप’ चालवा. पुढे एक प्रश्न येतो, तिथे वैयक्तिक फाइली आणि ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघा. तो पर्याय अंधूक असेल तर आयएसओची भाषा किंवा आवृत्ती वेगळी आहे. तिथेच मागे फिरा.

इथे दोन खड्डे आहेत. सेटअप चालू विंडोजच्या आतूनच चालवायचं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून चालवलं तर ॲप्स ठेवण्याची सोय मिळत नाही. आणि ‘रिसेट धिस पीसी’मधलं ‘कीप माय फाइल्स’ हे नाव फसवं आहे. ते फाइली ठेवतं, पण घातलेले प्रोग्रॅम सगळे काढून टाकतं. बाईंच्या मशीनवर कुणी ते दाबलं असतं तर मराठी कीबोर्ड गेलाच असता.

विंडोज 10 वाल्यांसाठी आणखी एक: तिचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. वरची दुरुस्ती चालते, पण ते मशीन बँकेच्या कामाला वापरत असाल तर 11 वर जाण्याचा किंवा वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याचा विचार लवकर करा.

बाईंच्या कॉम्प्युटरला तिथपर्यंत जावं लागलं नाही. ड्रायव्हर मागे नेला, दोन्ही कमांड चालवल्या, दुसरीने खराब फाइली सापडल्याचं आणि दुरुस्त केल्याचं सांगितलं. आठवडाभराने रिलायबिलिटीचं पान उघडायला सांगितलं तेव्हा निळी रेघ पुन्हा वर चढू लागली होती. मग स्टार्टमध्ये ‘रिस्टोअर पॉइंट’ टाइप करून ‘सी’ ड्राइव्हचं संरक्षण चालू केलं आणि ‘क्रिएट’ दाबून एक बिंदू घेतला. नाव विचारल्यावर बाईंनी स्वतः टाइप केलं: ‘नाटकाआधी, सगळं ठीक’. तारीख वहीतही लिहून ठेवली.